डोळखांबचा चुना

आसनगावला गाडीतून उतरावे, मानस मंदिराच्या टेकडीकडे पाहून हात जोडावेत आणि शहापूर मागे टाकून पूर्वेची वाट धरावी. भाताची खाचरे, मोहाची झाडे, मधूनच एखादा कातकरी पाडा असे करीत रस्ता डोळखांबला पोहोचतो. त्याच्याही पलीकडे, डेहणे गावाच्या डोक्यावर, आजोबा पर्वताची काळी भिंत उभी असते. वाल्मीकींचा आश्रम आणि सीतामाईचा पाळणा तेथे होता अशी या भागातील श्रद्धा आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. वैशाखात या भिंतीकडे पाहिले की डोळे तापतात आणि श्रावणात त्याच भिंतीवरून इतके पाणी कोसळते की कोणता ओढा कोणता हे सांगता येत नाही.

हा सर्व प्रदेश काळ्या दगडाचा आहे. येथे चुनखडक नाही. ओढ्याकाठच्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, परंतु त्यावर व्यापार होत नाही. म्हणूनच डोळखांबच्या बाजारात चुना ही बाहेरून येणारी वस्तू होती, जसे मीठ बाहेरून येई. आमच्या बापूजींचे तेथे किराणा-भुसाराचे दुकान होते. मीठ, गूळ, रॉकेल, मिरची आणि चुना. दिवाळीपूर्वी घरांच्या भिंती रंगविण्यास चुना लागे आणि पान-तंबाखू खाणाऱ्यांना तो बारा महिने लागे. त्या काळी दोन प्रकारचा चुना मिळत असे. एक खाडीकाठच्या शिंपल्यांचा, दुसरा मध्य प्रदेशातून रेल्वेने येणारा कटनीचा. शिंपल्यांचा चुना स्वस्त आणि गिऱ्हाइकाच्या सवयीचा. कटनीच्या कळीच्या चुन्यावर वाहतूक चढे.

१९७२च्या दुष्काळानंतरच्या चातुर्मासात बापूजींनी एका महाराजसाहेबांचे प्रवचन ऐकले. विषय श्रावकाच्या पंधरा कर्मादानांचा होता. घरी आल्यावर त्यांनी एकच वाक्य उच्चारले, "शिंपल्यांचा चुना आजपासून बंद." खाडीच्या गाळातून टोपल्याच्या टोपल्या शिंपले काढले जात. त्यांतले रिकामे किती आणि जिवंत किती, हे भट्टी लावणारा पाहत नसे. शिंपले द्वीन्द्रिय जीव. दंतवाणिज्यात हाडे, शिंगे, शंख-शिंपले यांचा व्यापार येतो, असे आम्हांला पाठशाळेतही शिकविले होते. पण पाठशाळेत शिकणे वेगळे आणि दुकानात पाळणे वेगळे. बापूजींनी कटनीचाच चुना ठेवला. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाकडे वळले आणि चुन्याबरोबर मीठ-मिरचीही तिकडूनच नेऊ लागले. भागीदारीतील काकांशी मतभेद झाले व दोन वर्षांत दुकानाच्या वाटण्या झाल्या. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. जेवताना कोणी बोलत नसे, एवढे स्पष्ट आठवते.

पुढे मी एम.कॉम. झालो, बँकेत लागलो. १९८६च्या सुमारास एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत वाचले की चुनखडक म्हणजे प्राचीन समुद्रातील शंख-शिंपल्यांचे अवशेष होत. सुटीत डोळखांबला गेलो असता, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला बसलो होतो, तेव्हा मी ते ज्ञान पाजळले. "बापूजी, कटनीचा दगडसुद्धा शिंपल्यांचाच असतो. तुम्ही तोटा उगाच सोसलात." त्यांनी ताटातील घास संपविला, पाणी प्यायले, ताट धुऊन प्यायले आणि म्हणाले, "मला ठाऊक नव्हते." दुसऱ्या दिवसापासून दुकानात चुनाच राहिला नाही. ना शिंपल्यांचा, ना कटनीचा. १९९४ साली ते गेले. दर संवत्सरीला मी त्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत आलो, पण या एका वाक्यापुरते वेगळे असे कधी म्हणालो नाही. मला वाटे, मी खरे तेच सांगितले होते.

यंदा दुकानाची ती जागा विकण्याचे ठरले. कागदपत्रांसाठी जाणे भाग होते. सोबत माझी भाची आली. ती सागरी भूशास्त्राची अभ्यासक आहे आणि तिचा विषय ऐकून आमच्या घरात सर्वांना हसू येते. समुद्रात बुडालेल्या चुनखडकी पठारांच्या उतारावर जो गाळ साचतो, त्यावर समुद्राच्या पातळीच्या चढउताराचा काय परिणाम होतो, हे ती पाहते. "ह्यात नोकरी आहे का?" असे तिला विचारणाऱ्यांत मीही होतो.

डोळखांबच्या ओट्यावर बसून, समोर आजोबाची भिंत असताना, तिने मला हा विषय समजावून दिला. तो मी माझ्या शब्दांत मांडतो. चूक आढळल्यास ती माझी समजावी.

आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढे समुद्रतळ एकदम खोल होत नाही. मुंबईसमोर उथळ तळाचा हा पट्टा तीनशे किलोमीटरहून अधिक रुंद आहे. भारताच्या किनाऱ्यावर इतका रुंद पट्टा दुसरीकडे नाही. त्याच्या आतल्या भागावर चिखल आहे. तो चिखल आपलाच. भातसा, काळू या नद्यांचे पाणी उल्हास नदीला मिळते आणि कल्याणच्या पुढे खाडीतून समुद्रात जाते. ज्या खाचरांतून आम्ही गेलो, त्यांची माती थोडी थोडी अशीच जाते. मात्र किनाऱ्यापासून दूर, पट्ट्याच्या बाहेरच्या कडेजवळ, चिखल संपतो आणि पांढरट, चुनायुक्त गाळ लागतो. तेथे एक विस्तीर्ण सपाट पठार आहे. जुन्या दर्यावर्दी नकाशांवर त्याचे इंग्रजी नाव 'फिफ्टी फॅदम फ्लॅट', म्हणजे पन्नास वावांचे पठार. दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर म्हणजे एक वाव, सहा फूट. पन्नास वाव म्हणजे तीनशे फूट, सुमारे ९१ मीटर. आमचे जुने कापडवाले हातावरच कापड मोजत. तसेच खलाशी दोर मोजत.

तीनशे फूट खोल पाण्याखाली चुन्याचे पठार आले कोठून? अशी पठारे उथळ, स्वच्छ, उबदार आणि सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या पाण्यातच बनतात. तेथे चुना बनविणारे सजीव वाढतात. प्रवाळ, सूक्ष्म कवचधारी जीव आणि विशेषतः हॅलिमेडा नावाची हिरवी शैवाल वनस्पती. हिच्या पानासारख्या चकत्यांत चुना साठतो. ती मेली की चकत्या सुटून वाळू होते आणि काही भाग तर सुईसारख्या बारीक कणांच्या पांढऱ्या चिखलात विरून जातो. आपल्या पठारावर या हॅलिमेडाचे बुडालेले उंचवटे आहेत आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. आज त्या खोलीवर ते वाढू शकत नाहीत. अर्थात ते वाढत होते तेव्हा पाणी उथळ होते.

आणि ते होतेच. सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, पृथ्वीवरील पाण्याचा मोठा हिस्सा ध्रुवांकडील बर्फात अडकला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या वेळी मुंबई हे किनाऱ्यावरील गाव नव्हते. समुद्र पार पट्ट्याच्या कडेला गेला होता. डोळखांबच्या ओढ्याचे पाणी तेथवर पोहोचण्यास आजच्या मुंबईनंतर आणखी काही शे किलोमीटर वाहत असणार. पुढे बर्फ वितळू लागला. वितळण्याचा वेग एकसारखा नव्हता. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी तर काही शतकांतच पाणी पंधरा-वीस मीटर चढले. साधारण सात हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीजवळ आला.

येथे मी भाचीला अडविले. म्हटले, हे समजले. पाणी खाली गेले की नद्या जमीन अधिक कापतात, गाळ कडेपर्यंत नेतात. म्हणजे खोल समुद्राच्या उतारावर गाळ जास्त साचण्याचा काळ तो हिमयुगाचा. पाणी वर आले की गाळ किनाऱ्याजवळच अडकतो. ती म्हणाली, "मामा, नदीच्या गाळाबाबत तुमचे बरोबर आहे." सिंधू नदीचेच पाहा. समुद्र खाली असताना तिचा गाळ समुद्रतळावरील घळईतून थेट खोल पाण्यात जाई आणि तेथील प्रचंड पंखा त्यामुळे वाढे. आज तो बहुतांशी त्रिभुज प्रदेशात व उथळ पट्ट्यावर राहतो.

"पण चुन्याच्या पठाराचा हिशेब नेमका उलटा आहे."

नदी गाळ बाहेरून आणते. चुन्याच्या पठाराला बाहेरून काही येत नाही. जे आहे ते तेथेच, पठाराच्या माथ्यावर, जिवंत कारखान्यात तयार होते. हा कारखाना चालण्यास माथ्यावर थोडे पाणी हवे. समुद्र वर असतो, माथा काही मीटर पाण्याखाली असतो, तेव्हा शेकडो चौरस किलोमीटर माथा एकाच वेळी उत्पादन करतो. इतके, की माथ्यावर ते मावत नाही. लाटा, भरती-ओहोटी व वादळे हा अतिरिक्त माल कडेवरून खाली लोटतात आणि उतारावर पांढऱ्या बारीक चिखलाचे थरावर थर साचतात. समुद्र खाली गेला की माथा उघडा पडतो. कारखाना बंद. उत्पादन करणारी जागा म्हणजे कडेची एक अरुंद पट्टी तेवढी उरते. वर पडणारा पाऊस चुनखडक विरघळवितो, त्यात पोकळ्या आणि विवरे करतो. उतारावरचा बारीक चिखल थांबतो. जे येते ते अधूनमधून तुटून पडणारे दगड आणि खुल्या समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे. ती मात्र पातळी कोणतीही असली तरी संथपणे पडतच असतात.

मी बँकेत चाळीस वर्षे काढली. मला हे ताबडतोब कळले. परगावच्या पुरवठ्यावर चालणारे दुकान आणि स्वतःच्या कारखान्यावर चालणारे दुकान यांचे मंदी-तेजीचे हंगाम एक नसतात. रोजमेळात जमा आकडा वाढला म्हणजे नेहमी एकच कारण नसते. ते खाते कोणाचे आहे, हे आधी पाहावे लागते.

हा नियम प्रथम नीट दिसला तो बहामा बेटांजवळ. वोल्फगांग श्लागर आणि आंद्रे ड्रॉक्सलर या दोघांनी १९८५ साली दाखवून दिले की तेथे उतारालगतच्या खोल पाण्यात गाळ साचण्याचा वेग हिमयुगांत नव्हे, तर त्यांच्या मधल्या उबदार काळांत जास्त होता. उतारावरून गढूळ पाण्याचे लोट घसरून येण्याच्या घटनाही त्याच काळात अधिक. समुद्रतळातून नळीने काढलेल्या गाळाच्या लांब नमुन्यात हे ओळखतात ते ॲरागोनाइट या खनिजावरून. उथळ माथ्यावरच्या शैवालांचा चुना बहुतांशी ॲरागोनाइटचा असतो. खुल्या समुद्रातील सूक्ष्म कवचे बहुतांशी कॅल्साइटची. दोन्ही रासायनिक दृष्ट्या कॅल्शियम कार्बोनेटच, रचना वेगळी. थरागणिक ॲरागोनाइटचे प्रमाण मोजत खाली गेले की समुद्र केव्हा वर होता आणि केव्हा खाली, याची खतावणीच हाती लागते.

अर्थात यालाही मर्यादा आहे आणि ती आपल्याच पठाराने दाखविली. पाणी फार वेगाने आणि फार वर गेले, तर माथा सूर्यप्रकाशाच्या आवाक्याबाहेर जातो. वाढ मागे पडते, कारखाना बुडतो. पन्नास वावांचे पठार असेच बुडालेले आहे. त्याच समुद्रात विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचे बुडीत पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्याचा माथा तुलनेने उथळ असल्याने तेथे प्रवाळ अजून जिवंत आहेत. तेच पाणी, तोच पाऊस. फरक माथा किती खोल आहे, एवढाच.

मालदीवमध्ये आणखी एक गुंता सापडला. २०१५ साली एका आंतरराष्ट्रीय मोहिमेत 'जॉइडीस रिझोल्यूशन' या जहाजाने तेथील समुद्रतळाला छिद्रे पाडून नमुने काढले. त्यांतून असे दिसले की सुमारे एक कोटी तीस लाख वर्षांपूर्वी मोसमी वाऱ्यांनी चालणारे प्रवाह प्रबळ झाले आणि तेव्हापासून गाळ कोठे साचायचा हे केवळ पातळीवर राहिले नाही, प्रवाहच तो वाहून नेऊन ढीग घालू लागले. ज्या वाऱ्यांमुळे डोळखांबला पाऊस पडतो, तेच हे वारे. भाची याच गाळाच्या बाजूला काम करते. तिला नोकरी आहे की नाही, हे मी पुन्हा विचारले नाही.

येथे एक गोष्ट व्यापारी वाचकांसाठी. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४ साली 'सागर सम्राट'ने तेथे तेल शोधले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ते तेल कोठल्या दगडात आहे, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते. ते मायोसीन काळातील चुनखडकात आहे, म्हणजे समुद्रातील एका जुन्या चुनखडकी पठारात. त्या काळी समुद्र पुन्हा पुन्हा खाली गेला, पठार उघडे पडले, पावसाच्या पाण्याने दगडात पोकळ्या केल्या. पुढे त्याच पोकळ्यांत तेल साठले. कारखाना बंद होता तो काळही फुकट गेला नाही, असे मी म्हणालो, तेव्हा भाचीने माझ्याकडे पाहिले. आम्हां बँकवाल्यांना प्रत्येक गोष्टीत नफा दिसतो, असा त्या पाहण्याचा अर्थ असावा.

समुद्र हलतो याचा पुरावा मुंबईच्या पोटातही सापडला होता. १८७८च्या सुमारास प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली झाडांचे बुंधे लागले, शेकडो, आणि त्यांतले पुष्कळसे मुळांसह उभे. लाकूड खैराचे निघाले. समुद्र चढला की त्या ठिकाणची जमीन खचली, यावर तेव्हापासून वाद आहे. जमीन खचली असे मानणारे बरेच आहेत. पण खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही, एवढे मात्र निश्चित. खैर हे आमच्या डोळखांबच्या रानातले झाड. त्याच्या गाभ्यापासून कात काढणारे ते कातकरी. बापूजींच्या दुकानात कात आणि चुना शेजारी शेजारी असत. कोठे मुंबईची गोदी आणि कोठे डोळखांबचे रान, पण झाड एकच.

दुपारी आम्ही परसात गेलो. भिंतीलगत काळ्या दगडांनी बांधलेली चुन्याची कुंडी अजून आहे. कळीचा चुना तीत विरवीत. पाणी ओतले की तो उकळे, आणि आम्हां मुलांना लांब उभे राहण्याचा हुकूम असे. कुंडीच्या तळाशी पांढरा थर दिसला. भाचीने विचारले, "मामा, हा चुना कुठला?" मी कटनीचा म्हणून सांगितले. मग चातुर्मासाची गोष्ट सांगितली, वाटणीची सांगितली आणि १९८६ सालच्या जेवणाचीही. हे मी घरात कोणालाही सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, कटनीच्या दगडात शिंपले नसतात."

मी म्हटले, चुनखडक सगळा समुद्री जीवांचाच असतो ना? ती म्हणाली, आजच्या समुद्रात बनणारा बराचसा तसा. मायोसीनमधला, मुंबई हायचा, तसा. जैसलमेरच्या किल्ल्यातील आपल्या जिनालयांचा पिवळा दगड ज्या खडकांतून येतो, ते जुरासिक काळातील उथळ समुद्राचे थर आहेत. त्यांतही शंख-शिंपले सापडतात. पण कटनीचा चुनखडक विंध्य पर्वताच्या थरांतला. कवच असणारे प्राणी पृथ्वीवर दिसू लागले ते साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वी. विंध्याचे हे चुनखडक त्याच्या फार आधीचे आहेत. त्यांतील काही थर तर सुमारे १६० कोटी वर्षांचे ठरले आहेत. तेव्हा समुद्रात शंख नव्हते, शिंपले नव्हते, मासे नव्हते. उथळ पाण्यात सूक्ष्म जीवाणूंचे चिकट थर पसरत, त्यांवर चुना बसे, पुन्हा थर, पुन्हा चुना. त्या घुमटाकार थरांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. पठारे तेव्हाही होती, समुद्र तेव्हाही वर-खाली होई, उतारावर गाळ तेव्हाही घसरे. द्वीन्द्रिय प्राणी मात्र नव्हता.

मी कुंडीच्या कठड्यावर बसलो.

वर्तमानपत्राने लिहिलेले सर्वसाधारणपणे खरे होते. ते कटनीला लागू करण्याचे काम मी केले होते. कोणतेही तारण स्वतः न पाहता शेरा मारू नये, हे मी नोकरीत शेकडो कनिष्ठांना सांगितले. बापूजींपुढे मी तेवढेही केले नाही.

आणि शास्त्राच्या दृष्टीनेही मी चुकलो होतो, हे त्यानंतर लक्षात आले. शांतिसूरींचे 'जीवविचार' प्रकरण पाठशाळेत आम्ही पाठ केले होते. त्यात शंख, कवड्या द्वीन्द्रियांत येतात. खडी मात्र पृथ्वीकायात येते. प्रवाळही तेथे पृथ्वीकायातच गणले आहे. आजचे शास्त्र त्याला प्राणी म्हणते, तो विषय विद्वान मुनिवरांचा आहे, माझा नव्हे. पण श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतात त्रस जीवांची जाणूनबुजून हिंसा वर्ज्य असते. स्थावर जीवांविषयी गृहस्थाने यतना राखायची असते, कारण घर, शेत, दुकान त्यांच्याशिवाय चालत नाही. बापूजींनी १९७३ साली नेमकी हीच रेषा ओढली होती. भट्टीत जिवंत शिंपला जाणे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचा दगड भट्टीत जाणे, यांत त्यांना फरक दिसत होता. कटनीचा दगड जरी शिंपल्यांचा असता, तरी त्या शिंपल्यांना कोणी व्यापारासाठी जाळले नव्हते. हे उत्तर त्यांना देता आले असते. त्यांनी ते दिले नाही. मुलगा शिकलेला आहे, तो म्हणतो तर तसे असेल, असे त्यांनी मानले असावे. अथवा शंका आली तेथे थांबावे, असा त्यांचा स्वभाव होता. कोणते खरे, ते आता विचारण्याची सोय नाही.

माळ्यावरच्या पेटीत जुन्या वह्या होत्या. लाल कापडाच्या, दोऱ्याने बांधलेल्या. काही वाळवीने खाल्ल्या होत्या. पुंजणी फिरवून एकेक वही सोडवीत गेलो, तेव्हा १९८६ सालची सापडली. चुन्याचे खाते बापूजींनी स्वतंत्र ठेवले होते. शेवटची विक्री मी सुटीवरून परतलो त्याच्या आदल्या दिवसाची. त्याखाली त्यांच्या हस्ताक्षरात शिल्लक मालाचे वजन आणि पुढे तीन शब्द, 'विकणे नाही, कुंडीत.' त्यानंतर खात्यावर रेघ. तोट्याची रक्कम त्यांनी दुकानाच्या खर्चात न टाकता स्वतःच्या नावे टाकली होती.

म्हणजे कुंडीच्या तळाशी होता तो तोच चुना.

भाचीने पिशवीतून लहान हातोडी काढली आणि त्या थराचा एक तुकडा तोडला. मला वाटले होते की तो हातात चुरेल. तो चुरला नाही, ठणठणीत निघाला. विरविलेला चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतो, तिने सांगितले, आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. भट्टीने दगडातून जे काढून घेतले, ते हवा परत देते. एवढ्या वर्षांत हा वरचा थर पुन्हा चुनखडकच झाला होता. डोळखांबच्या काळ्या दगडाच्या कुंडीत, बोटभर जाडीचा.

तिने तो तुकडा कागदात गुंडाळला आणि सवयीने वर पेन्सिलीने ठिकाण व तारीख लिहिली. नमुना कोणाचा, या जागी तिने बापूजींचे नाव लिहिले. जागा घेणारे गृहस्थ तेवढ्यात आले होते. कुंडी फोडून तेथे पाण्याची टाकी बसविण्याचा त्यांचा विचार आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा टाकी हवीच. मी त्यांना म्हटले, फोडा, हरकत नाही. फक्त आणखी एक तुकडा मला काढून घेऊ द्या.